मालक सोवळ्यात आहेत

माझ्या मालकीच्या फ्लॅटमध्ये मी वर्षातून फक्त दीड दिवस राहत असे, आणि तोही उघड्या अंगानं.

फ्लॅट यमुनेपलीकडे, नोएडात होता. आम्ही राहायचो अलीकडे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. म्हणजे देश चालवणाऱ्यांपैकी एक, पण घरात खिळा ठोकायचा झाला तरी अर्ज करावा लागणारा. आमच्या हिचं, सुलभाचं, लग्नानंतरचं सगळं आयुष्य अशा क्वार्टरांमधून गेलं. तिचं एकच मागणं होतं. "अहो, मला एकदा कुणाला न विचारता भिंतीत खिळा ठोकायचाय." मागणं साधं होतं. त्यामुळे मी ते अत्यंत अवघड मार्गानं पुरं करायचं ठरवलं.

नव्वदच्या दशकाचे ते दिवस. देशाचे दरवाजे उघडले होते आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये महागाई भत्त्याऐवजी स्क्वेअर फुटांची भाषा सुरू झाली होती. चहा ढवळता ढवळता कुणीही कुणाला "कहाँ लिया?" विचारायचं, आणि "कहीं नहीं" असं उत्तर देणाऱ्याकडे सगळे कीव आल्यासारखे बघायचे. त्यात सुलभाचे मोठे भाऊ, अण्णा, पुण्याहून आले आणि सोफ्यावर मांडी घालून म्हणाले, "श्रीनिवासराव, पैसा बँकेत झोपलाय तुमचा! त्याला कामाला लावा!"

माझा पैसा बँकेत झोपलेला नव्हता. तो बँकेत नव्हताच. पण त्यावरही आता उपाय निघाला होता. आमच्या वडिलांच्या काळी कर्ज काढणाऱ्याची लोक दबक्या आवाजात चौकशी करायचे, दुखणं आल्यासारखी. आता टाय लावलेला एक तरुण माझ्या टेबलाशी येऊन, मी त्याच्या कंपनीचं कर्ज घेतलं तर कंपनीला किती धन्य वाटेल हे सांगू लागला. हिशोब सोपा होता. भाडं येणार, भाड्यातून हप्ता जाणार, घराची किंमत आपोआप वाढणार आणि मी काहीही करायचं नाही. यातला शेवटचा भाग मला फार आवडला. सरकारी अनुभव होता ना!

तर फ्लॅट झाला. गुलमोहर विहार, दुसरा मजला. (गुलमोहर नव्हता. विहारही म्हशीच करत होत्या.) आणि भाडेकरू मिळाले ते भाटियासाहेब. टाइल्सचं दुकान, पहाडी आवाज, आणि पहिल्याच भेटीत मला अशी मिठी मारली की खिशातलं पेन वाकलं. "आप फ़िकर ही मत करो जी! घर को अपना समझ के रहेंगे!"

हे वाक्य मी तेव्हा कौतुकानं ऐकलं.

भाटियांनी शब्द पाळला. दर दोन-तीन महिन्यांनी ते माझ्या फ्लॅटमध्ये कुठेतरी टाइल्स बसवायचे आणि त्या भाड्यातून वजा करायचे. आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, मग बाल्कनी. न्हाणीघरात तर चारी भिंतींवर गुलाबी राजहंस आले! मी फोन केला की म्हणायचे, "इम्पोर्टेड हैं जी! आपके मकान की वैल्यू बढ़ रही है!" व्हॅल्यू वाढत होती आणि हप्ता मी पगारातून भरत होतो. अण्णा याला 'लाँग टर्म' म्हणायचे.

त्यातच ऑफिसातल्या माथुरनं मला बाजूला घेतलं. "पटवर्धन साहब, साल भर में कभी अपने मकान के अंदर जाते हो? नहीं? तो समझो गया! दिल्ली में किराएदार अंदर और मालिक बाहर, बस, क़ब्ज़ा!"

मला घाम फुटला. आणि घाम फुटल्यावर मला नेहमी कल्पना सुचतात. मी घरी येऊन जाहीर केलं, "या वर्षीपासून आपला गणपती नोएडाच्या फ्लॅटमध्ये बसणार!"

"तिथे भाटिया राहतात," सुलभा म्हणाली.

"राहू देत. बाप्पा कसा, स्वतःच्या वास्तूत बसला पाहिजे. क्वार्टर सरकारचं. आणि आपण दरवर्षी हक्कानं आत जाऊन, चारचौघांसमोर पूजा करायची. म्हणजे सगळ्या सोसायटीला दिसेल मालक कोण ते!"

"आणि मोदक कुणाच्या भांड्यांत उकडायचे?"

एवढा बारीक विचार मी केला नव्हता. पण भाटियांना विचारलं तर ते फोनवरच गहिवरले. "बप्पा हमारे घर आएँगे? हमारे घर?" त्यातला 'हमारे' मला जरा खटकला. पण आनंदाच्या भरात माणूस बोलतो काहीतरी.

कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातून शाडूची मूर्ती आणली, मारुतीच्या मागच्या सीटवर मुग्धाच्या मांडीवर ठेवली आणि आम्ही यमुना ओलांडली. मुग्धा आमची मुलगी, दिल्लीतच वाढलेली. मी भाटियांच्या (म्हणजे माझ्या!) बेडरूममधून लाल कद नेसून, जानवं सारखं करत, उघड्या अंगानं बाहेर आलो तशी ती खिदळली. "बाबा, तुम्ही एकदम पंडितजी लगते हो!"

"याला सोवळं म्हणतात."

"तेच ते. टॉवेलसारखं."

पूजा मी स्वतः सांगतो. वडिलांनी शिकवलेली, खणखणीत उच्चारांची. त्यांची शिस्तही तशीच होती. पूजेत मध्ये बोललं की आचमनापासून पुन्हा सुरुवात. लहानपणी मी एकदा 'मोदक झाले का?' एवढं विचारलं होतं, तर सगळ्या घराला जेवायला दुपार टळून गेली. तेव्हापासून पूजेत माझ्या तोंडून मंत्राखेरीज अक्षर निघत नाही. काही हवंच असलं तर 'हूं' एवढा हुंकार.

पहिल्या वर्षी शेजारची चार घरं आली. पूजा झाल्यावर मिसेस भाटियांनी माझ्या पायांना हात लावला आणि एक पाकीट दिलं. आत एकशे एक रुपये.

"बाबा, दक्षिणा!" मुग्धा किंचाळली.

"शगुन आहे तो! पंजाबी लोकांची पद्धत आहे!" मी तिला दटावलं, आणि पाकीट ठेवून घेतलं. प्रसादासारखी गोष्ट, नाही म्हणणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या वर्षी भाटिया पती-पत्नी नवे रेशमी कपडे घालून माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले. मी संकल्प सोडताना गोत्र उच्चारलं तसा भाटियांनी कानाशी तोंड आणून विचारलं, "पंडितजी, हमारा गोत्र भी बोल दो ना?" मला मध्ये बोलता येईना. वाद घालत बसण्यापेक्षा मी त्यांचंही गोत्र मंत्रात घालून टाकलं. 'पटवर्धन' हे नाव यमुनेपलीकडे कुणाच्याच तोंडात बसत नव्हतं. 'पंडितजी' लगेच बसलं. निघताना पाकीट होतंच, शिवाय एका पिशवीत पीठ, तांदूळ, डाळ, तूप आणि नारळ.

"अहो," गाडीत पिशवी मांडीवर घेऊन सुलभा म्हणाली, "शिधा दिलाय तुम्हाला."

"प्रेम आहे गं त्यांचं."

"हो, पण भाडं नाही दिलेलं."

पुढच्या वर्षी खाली मांडव आला. मग स्पीकर आला. मग छोले-पुरीचा भंडारा! आमचा दीड दिवसाचा, उकडीच्या मोदकांचा, हळू आवाजातल्या आरतीचा गणपती बघता बघता 'भाटिया साहब के बप्पा' झाला. गेटवरचा चौकीदार मला बघून सलाम ठोकायचा आणि ओरडायचा, "भाटिया साहब! पूजा वाले आ गए!" मी मनाशी म्हणायचो, म्हणू देत. आपला कब्जा शाबूत आहे ना!

मग कोथरूडचं प्रकरण निघालं. सुलभानं पुण्याला गेलेली असताना तिथे एक फ्लॅट पाहिला. तीन खोल्या, सकाळचं ऊन आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर मोकळी भिंत. ती भिंत ती मला हातवारे करून दाखवायची. "इथे एक खिळा. इथे दुसरा. कुणाला विचारायचं नाही!" इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. बिल्डरला दसऱ्यापर्यंत पैसे हवे होते. म्हणजे नोएडाचा फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं, उरेल ते कोथरूडला लावायचं. नाहीतर कोथरूड गेलं.

मराठी मंडळातल्या ओळखीतून गिऱ्हाईकही मिळालं. जोशी नावाचा तरुण, पुण्याहून नोएडातल्या एका नव्या कंपनीत कॉम्प्युटरच्या कामावर आलेला. फोनवर भावसुद्धा ठरल्यासारखा झाला. फक्त घर बघायचं बाकी होतं. आणि भाटियांना सांगायचं.

आता भाटियांना सांगायला धैर्य लागतं, आणि ते माझ्याकडे थेट नसतं, फाइलवरून आलं तरच असतं. म्हणून मी एक योजना आखली. जोशींना चतुर्थीच्याच दिवशी बोलवायचं. दार उघडं, घर सजलेलं, भाटिया प्रसन्न. जोशी घर बघून जातील, आणि मग मोदक खाऊन झाल्यावर मी भाटियांना हळूच सांगेन. जोशींना मी फोनवर म्हटलं, "सरळ वर या. पटवर्धन कुठे राहतात म्हणून कुणालाही विचारा!"

त्या दिवशी पूजेला तुडुंब गर्दी. सुलभा स्वयंपाकघरात दार लावून मोदक उकडत होती, वर पंखा घरघरत होता. मुग्धा शेजारी केबल बघायला पळालेली. मी प्राणप्रतिष्ठेला आलो होतो. मूर्तीच्या हृदयाशी दूर्वा लावून मंत्र म्हणायला लागलो, तोच दारातून पुणेरी हिंदी ऐकू आली.

"माफ करा... मतलब, माफ़ कीजिए, पटवर्धन साहब का घर यही है ना?"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. "पटवर्धन? इस सोसाइटी में तो कोई पटवर्धन नहीं जी."

"हूं!" मी म्हणालो.

"पंडितजी को घी चाहिए," मिसेस भाटिया म्हणाल्या, आणि तुपाची वाटी माझ्यासमोर आली.

"नाही, फ्लॅट नंबर तर हाच सांगितला होता," जोशी गोंधळले. "विकाऊ... मतलब बेचने का है बोले थे."

"हूं! हूं!!" मी दूर्वा धरलेल्या हातानं स्वतःच्या छातीकडे खूण केली.

"पंडितजी को गर्मी हो रही है! अरे, पंखा इधर करो!" पंखा इकडे केला. समई विझली. ती पुन्हा लावली.

भाटिया तोपर्यंत उठून दारात गेले होते. पाहुण्याला त्यांनी मिठी मारली असणार, कारण जोशींचा 'हुप्' असा आवाज आला. "बेटा, यह तो नहीं बिकाऊ, यह तो अपना घर है! लेकिन घबराओ मत, ऊपर गुप्ता जी का फ़्लैट ख़ाली पड़ा है, बेचना भी है. चाबी मेरे पास है. टाइल्स मैंने ही लगाई हैं! चलो!"

आता काय करायचं? तोंड उघडलं तर पूजा आचमनापासून. समोर वडिलांचा चेहरा दिसत होता. दुसरीकडे कोथरूडची भिंत दिसत होती. मी मनाशी म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, पूजा उरकू आणि पळत वर जाऊ. मग मी असा काही सुटलो की त्या मूर्तीनं एवढी वेगवान पूजा जन्मात पाहिली नसेल. स्नान, वस्त्र, गंध, सगळं एका दमात! एकवीस पत्री मी मूठभरून दोन हप्त्यांत वाहिल्या. वरच्या मजल्यावर पावलं वाजत होती. या खोलीतून त्या खोलीत. मग न्हाणीघरात बराच वेळ थांबली. राजहंस बघत असणार.

गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवून मी उठणार, तोच भाटिया आणि जोशी हसत हसत खाली आले. भाटियांच्या हातात चेक होता. "मुबारक हो जी! बप्पा की कृपा! घंटे भर में सौदा! बयाना भी हो गया!"

जोशी गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे आले, खाली वाकले आणि माझ्या पायांना हात लावला.

"गुरुजी, काय उच्चार आहेत तुमचे! वरपर्यंत ऐकू येत होते. पुण्याचे का? दिल्लीत मराठी गुरुजी मिळत नाहीत हो. माझी वास्तुशांत कराल?"

"अहो, मी गुरुजी नाही!" मी ओरडलो. "मी पटवर्धन! फोनवर बोललो तो! हे घर माझं आहे!"

जोशींनी माझ्या जानव्याकडे, कदाकडे, कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं. मग हातातल्या चेकबुकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी ओरडल्याचं इतरांना मराठीतून कळलं नव्हतं, म्हणून मी हिंदीत पुन्हा ओरडलो, "मकान मेरा है! मालिक मैं हूँ!"

मग सगळा दिवाणखाना खदखदून हसला. "पंडितजी भी बड़े मज़ाकिया हैं!"

भाटिया मात्र हसले नाहीत. त्या उमद्या माणसाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "पंडितजी... मतलब पटवर्धन जी... आप मकान बेच रहे थे? मुझे बताया भी नहीं? बप्पा का घर बेच रहे थे?"

हसू थांबलं. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी उपरण्यानं छाती झाकून घेतली. माझ्या घरात, माझ्या गणपतीसमोर, मी चोर ठरलो होतो! आणि खरं सांगायचं तर मला भाटियांसमोर लाजही वाटत होती. सरळ फोन करून सांगता आलं असतं.

त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि वाफाळते मोदक घेऊन सुलभा बाहेर आली. तिला परिस्थिती कळायला फारसा वेळ लागला नाही. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर लागत नाही.

"भाटिया साहब," ती शांतपणे म्हणाली, "मकान मालिक भी यही हैं और पंडितजी भी यही हैं. दोनों काम इनसे ठीक से नहीं होते. घर बेचना है, यह सच है. आप ही ले लीजिए ना. बाप्पा के सामने दाम बोलिए."

भाटियांनी डोळे पुसले, मूर्तीकडे पाहून हात जोडले आणि आकडा सांगितला. आकडा प्रामाणिक होता. बाप्पासमोर त्यांनी एक पैसा कमी केला नाही. मग त्यातून टाइल्स वजा केल्या.

दसऱ्याच्या आत कर्ज फिटलं. उरलेल्या पैशांत तीन खोल्या काही झाल्या नाहीत, त्याच इमारतीत दोन झाल्या. पण ओट्यासमोरची भिंत तशीच होती. निवृत्त होऊन राहायला गेलो त्या दिवशी सुलभानं सामानाआधी हातोडी काढली आणि मला न विचारता खिळा ठोकला. पहिल्याच ठोक्याला प्लास्टरचा पोपडा निघाला. तिनं त्याच्या शेजारी दुसरा ठोकला. मग जरा वेळ त्या दोन खिळ्यांकडे बघत उभी राहिली. "काही टांगायचं नाहीये," ती म्हणाली. "नुसते राहू देत."

भाद्रपद जवळ आला की भाटियांचा फोन येतो, पाठोपाठ झेलम एक्स्प्रेसची तिकिटं. खाली भाटियांकडे पूजा, मग वर जोशींकडे. (त्यांची वास्तुशांतही मीच केली. गुंतवणुकीत माणसानं कमीपणा मानू नये.) त्या इमारतीत आता मला न ओळखणारा माणूस नाही. परवा अण्णा घरी आले होते, त्यांनी चहाचा घोट घेत विचारलं, "काय श्रीनिवासराव, एवढी धडपड केलीत. नोएडाच्या गुंतवणुकीतून शेवटी काही उत्पन्न सुरू झालं की नाही?"

"झालं की," मी म्हटलं. "दरवर्षी नियमित. दोन घरांचं. आणि शिधा वेगळा."